मनगटाची तलवार

मित्रांनो, तुमच्या घरी टीव्हीचा रिमोट असेल. मीही दिसायला तसाच आहे, पांढरा आणि वीतभर लांब, पण माझ्याने टीव्ही लागत नाही. मी खेळातला एक जुना रिमोट आहे. मला हातात धरून हलवलं की पडद्यावरचा माणूस हलत असे.

माझा जन्म दूर परदेशातल्या कारखान्यात झाला. माझ्या पोटात तांदळाच्या दाण्याएवढा एक तुकडा बसवलेला आहे. त्याला फक्त झटका कळतो. हात किती उंच गेला, खांदा हलला की नुसतं मनगट, यातलं त्याला काही कळत नाही. माझ्या अंगात एक इवलासा स्पीकरही आहे. तलवारीच्या खेळात वार लागला की मी 'खण्ण' असा वाजायचो आणि हातात थरथरायचो.

नागपूरच्या एका घरातली मुलं माझ्यासाठी भांडायची. ती मोठी झाली आणि मी कपाटात पडलो. पुढे त्या घरच्या बाईंनी मला, टीव्हीला जोडायच्या माझ्या यंत्रासकट, ब्रह्मपुरीच्या एका फिजिओथेरपी केंद्राला देऊन टाकलं. तिथल्या पुनम मॅडम लकवा मारलेल्या लोकांना माझा खेळ खेळायला लावत. खेळता खेळता आखडलेला हात उठावा, एवढाच त्यांचा हेतू.

तिथे मला सुकलूभाऊ भेटले. दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि नाटकं लागतात. त्या नाटकांत सुकलूभाऊ सेनापती व्हायचे. त्यांची तलवार पाहायला लोक बैलबंडीने यायचे म्हणे. उन्हाळ्यात लकव्याने त्यांचा उजवा हात गेला. मंडईच्या आधी हात उठला नाही, तर सेनापती दुसरा होणार होता. त्यांची बायको चंदाबाई त्यांना बसने घेऊन यायची आणि भिंतीशी बसून राहायची.

सुकलूभाऊंनी मला धरलं, मनगट झटकलं आणि पडद्यावर तलवार डोक्यावरून खाली आली. मी वाजलो. त्यांचे डोळे भरून आले. चंदाबाईने टाळ्या वाजवल्या. एवढं कौतुक मला नागपुरातही मिळालं नव्हतं.

मग केंद्रात नवा रिमोट आला. त्याच्या टोकाला उजेडाचा गोळा होता आणि टीव्हीवर बसवलेला कॅमेरा त्या गोळ्यावर नजर ठेवायचा. मॅडमनी आम्हा दोघांची परीक्षा घेतली. खुर्चीत बसून, कोपर खुर्चीच्या हातावर टेकवून त्यांनी मला झटकलं. पडद्यावर शत्रू आडवा झाला. तसंच त्यांनी नव्याला झटकलं, तर पडद्यावरची तलवार गुडघ्याशी थोडी वळवळली आणि थांबली.

"बघा भाऊ, तुमचा हात जिथं आहे तिथंच हा दाखवतो," मॅडम म्हणाल्या. "मनगट नको, मला खांदा पाहिजे."

सुकलूभाऊंनी नवा घेतला. तलवार कमरेच्या वर गेली नाही. समोरच्याने त्यांना दोन वारांत लोळवलं.

"हा मुका हाय मॅडम," ते म्हणाले. "तलवार वाजली पायजे. आमची तं पत्र्याची रायते, पन वाजली का मागं बसलेला मानूस बी दचकते. नाटकात खरं कोन मारते जी?"

"पण हात तर खरा उचलावा लागेल ना?"

"लय हिशोबी हाय तुमचा नवा. मले हा जुनाच बरा."

"जितवते म्हनून बरा!" भिंतीजवळून चंदाबाई म्हणाली. "पडद्यावर मुंडकी उडवता, अन् सदऱ्याची बाही मलेच चढवा लागते."

सगळे हसले. सुकलूभाऊही हसले. पण मॅडम दुसऱ्या पेशंटकडे वळल्या की ते नवा ठेवून मला उचलत. खांदा निजलेलाच राही आणि ते जिंकत राहत.

पावसाळ्यात वीज कडाडली आणि माझं यंत्र जळालं. यंत्राशिवाय मी म्हणजे नुसतं प्लास्टिक. मॅडम मला टाकणार होत्या. नवा रिमोट चालूच होता, पण सुकलूभाऊंनी मला मागून घेतलं. घरी अंगणात ते मला झटकायचे. माझे चार निळे दिवे यंत्राला शोधत लुकलुकायचे आणि विझायचे. आवाज येत नसे. मग ते स्वतःच तोंडाने 'खण्ण' म्हणत. चंदाबाई धान पाखडता पाखडता मान खाली घालायची. टाळ्या तिने कधीच सोडल्या होत्या.

दसऱ्यानंतर गावच्या समाजमंदिरात तालीम होती. मी चंदाबाईच्या मांडीवरच्या थैलीत होतो. समोर सोमाजीभाऊ उभे होते. वीस वर्षं तेच सुकलूभाऊंशी लढत आले होते. सोमाजींनी वरून वार करायचा आणि सुकलूभाऊंनी तो डोक्यावर झेलायचा, असा तो प्रवेश.

सोमाजींची तलवार वरून आली. सुकलूभाऊंचं मनगट झकास फिरलं. तलवार कमरेशीच राहिली. सोमाजींनी आपलं पातं त्यांच्या टाळूच्या वीतभर वर थांबवलं.

"पुन्हा घेऊ जी," सोमाजी हळूच म्हणाले.

पुन्हा पातं आलं, पुन्हा थांबलं. आणि त्या शांततेत सुकलूभाऊंच्या तोंडून निघून गेलं, "खण्ण."

कोणी हसलं नाही. सोमाजींनी तलवार खाली ठेवली. "अरे, चहा आना रे," ते ओरडले. मग जवळ येऊन म्हणाले, "यंदा तुमी राजाचा बाप करा, सुकलूभाऊ. सिंहासनावर बसून हाय काम."

"बसून तं मी घरीच हाय," सुकलूभाऊ म्हणाले.

त्यांनी आपली तलवार डाव्या हाताने नाटकाच्या सामानाच्या पेटीत ठेवली. थैलीतून मला काढलं आणि तिच्याशेजारी ठेवलं. चंदाबाईने त्यांची बाही सारखी केली आणि दोघं निघाले. नव्या रिमोटशी झटले असते तर हात उठला असता का? मॅडमनाही ते सांगता आलं नसतं.

मंडई आली. पेटी उघडली, तलवार दुसऱ्या हातात गेली आणि वाजून परत आली. दर वर्षी ती जाते. मला बाजूला सारून लोक मुकुट शोधतात.

मित्रांनो, माझ्यासारखी वस्तू ठेवून देताना आतले सेल काढून ठेवा. माझे कोणी काढले नाहीत. ते फुटले, त्यांचं पाणी पोटात पसरलं, स्प्रिंग हिरवी पडली. आणि कोणी आजारी माणूस तुम्हाला आपला हात हलवून दाखवू लागला, तर टाळी वाजवण्याआधी त्याच्या खांद्याकडे एकदा बघा.

मला खांदा कधी कळलाच नाही. आता तर झटकाही कळत नाही.