शेवटच्या घरट्यातली अंडी

मी एक जुने, अंडी उबवायचे यंत्र आहे. माझ्या काचेला तडा गेला आहे आणि दार नीट लागावे म्हणून त्यावर चिकटपट्टी लावली आहे. प्राणिसंग्रहालयात, पक्ष्यांच्या पिंजऱ्याला लागून असलेल्या खोलीत माझे आयुष्य गेले.

मित्रांनो, अंडे म्हणजे नुसते कवच नव्हे. नराची आणि मादीची पेशी एक झाली, की बलकावर एक बारीक ठिपका जीव धरतो. एका पेशीच्या दोन होतात, दोनाच्या चार. थंडीत हे काम थबकते, ऊब मिळाली की पुन्हा सुरू होते. ती ऊब देणे एवढेच माझे काम. माझ्या पोटात बदके झाली, मोर झाले. शाळेची मुले काचेला नाक लावून पाहत, तेव्हा मी फुशारून जाई.

एके दिवशी पक्ष्यांची देखभाल करणारे तात्या धापा टाकत आले. शहराबाहेरची दलदल भरून तिथे इमारती उठत होत्या. लांब मानेचे करडे पाणपक्षी फक्त तिथेच राहत. मातीच्या गाड्यांपुढून तात्यांनी त्यांचे शेवटचे घरटे उचलून आणले होते. त्यात दोन अंडी होती; मोठे पक्षी पांगले, ते पुन्हा दिसले नाहीत.

ती दोन्ही मी उबवली. एक नर निघाला, एक मादी. तात्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. “शाब्बास रे गड्या! वंश राखलास!”

पिल्ले मोठी झाली, जोडी जमली. मादीने पहिले अंडे घातले आणि तात्यांनी ते माझ्या स्वाधीन केले. काही दिवसांनी प्राणिसंग्रहालयाच्या डॉक्टरीणबाईंनी आतले दिसावे म्हणून ते दिव्यावर धरले. आत लाल शिरांचे नाजूक जाळे पसरले होते आणि मधोमध एक ठिपका धडधडत होता. तात्यांचे डोळे भरून आले.

पण पुढच्या खेपेला तेच अंडे दिव्यावर धरले, तर जाळे विरले होते.

“ऊब कमी पडली का हो?” तात्यांनी माझ्याकडे पाहत विचारले. मी मनातून चरकलो.

“यंत्राचा दोष नाही, तात्या,” बाई म्हणाल्या. “हे दोघे सख्खे भाऊ-बहीण. एकाच्या बीजात जी खोट, तीच बहुधा दुसऱ्याच्याही. पेशी दुप्पट होताना ती खोटही दुप्पट होत जाते. पिल्लाला आईकडून एक, बापाकडून एक अशा बीजाच्या दोन प्रती मिळतात; एकीतली खोट झाकायला दुसरी निरोगी हवी ना! ती द्यायला तिसरा पक्षी कुठून आणायचा?”

“शोधू की! कुठे तरी असेलच.”

तात्या सुटीच्या दिवशी ओढे, तळी पालथी घालत. चिखलाने भरलेले बूट घेऊन परत येत आणि अंड्यांना ओलावा मिळावा म्हणून माझ्यातली पाण्याची वाटी भरत. मादी अंडी घालत राहिली. मी जीव तोडून ऊब देत राहिलो. प्रत्येक अंड्यात तो ठिपका धडधडायला लागे आणि थांबे.

मग नर आजारी पडला आणि गेला. त्यानंतरही मादीने एक अंडे घातले. नराविना घातलेले, कधीच न फुटणारे.

बाईंनी ते उचलायला हात पुढे केला, तशी तिने पंख पसरून ते पोटाखाली ओढले.

“राहू द्या बाई,” तात्या म्हणाले. “बसू दे तिला.”

त्यांनी आत येऊन माझे बटण बंद केले. ते पुन्हा कोणी लावले नाही.

मित्रांनो, मला धुऊनपुसून ठेवा असे मी म्हणणार नाही. मी दुरुस्त होईन, नाही तर माझ्या जागी नवे येईल. पण एखादा जीव थव्याने उडत असतो, तेव्हाच त्याचे पाणी, त्याचे गवत जपा. दोनच उरल्यावर माझ्याकडे धावत येऊ नका. माझ्याकडे फक्त ऊब आहे.

पलीकडे ती अजून त्या अंड्यावर बसली आहे. मधूनच उठते, चोचीने ते हळूच उलटते आणि पुन्हा बसते.