दोन मिलिमीटर जास्त

सोमवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी बोईसरच्या एका औषध कारखान्यात माझे जबडे जमनाच्या उजव्या मनगटावर मिटले.

मित्रांनो, मी एक जुना कॅलिपर आहे. जाडी-रुंदी मोजणारी पोलादी पट्टी. वर्कशॉपमध्ये फिटर पंढरी मला रोज तेलाच्या फडक्याने पुसायचा, चारचौघांत माझं कौतुक करायचा. एकदा मी फरशीवर पडलो आणि जबडा वाकला. तेव्हापासून प्रत्येक माप दोन मिलिमीटर जास्त दाखवतो. पंढरी तेवढे वजा करायचा. नवं यंत्र आलं आणि मी डब्यात पडून राहिलो. गेल्या आठवड्यात सुरक्षा अधिकारी निमेश यांनी मला उचललं. पंढरीला कोणी विचारलं नाही.

जवळच्या किनाऱ्यावरच्या नवापूर गावची जमना सात वर्षं इथे बाटल्यांची झाकणं फिरवते. आता तिच्या बोटांना मुंग्या येतात, हातातून कप सुटतो. त्रास कामामुळेच आहे असं ठरलं तर हलकं काम मिळेल. नाहीतर कंत्राट संपेल.

नर्स अपेक्षाने तिची उंची, वजन, तळहात लिहून घेतले. मग मनगट.

"काय गो अपेक्षा, पापलेट हाय का मी? एवढं मोजतेस!"

"हलू नका, मावशी. जाडी एक्केचाळीस, रुंदी अठ्ठावन्न."

निमेश यांनी जाडीला रुंदीने भागलं. "पॉइंट सातच्या वर. असं चौकोनी मनगट असलं की नस दबायचा धोका जास्त. तुमच्या हाडाची ठेवणच तशी आहे, मावशी."

"सात वर्सं याच हाडानं झाकनं फिरवली, सायेब. तवा चौकोनी नव्हतं?"

निमेश यांनी आकडे अहवालात लिहिले आणि तो सहीसाठी तिच्यापुढे सरकवला.

खरी मापं एकोणचाळीस आणि छप्पन्न. भागाकार पॉइंट सातच्या खाली येतो. शिवाय धोका म्हणजे कारण नव्हे. झाकणांच्या टेबलावर चाळीस बायका काम करतात. मोजल्या त्या तक्रार करणाऱ्या तिघीच. धडधाकट हातांची मापं का घेतली नाहीत? माझा दोष निमेशना खरंच ठाऊक नसेल? डब्याच्या झाकणावर पंढरीने खडूने 'दोन वजा' लिहिलं होतं. तिथे आता पुसल्याची पांढरी खूण आहे.

मित्रांनो, मापाची निगा राखा. आधी त्याला तपासा, मगच त्याच्या आकड्यावर कोणाचं पोट ठरवा.

"दुसऱ्या पट्टीनं मोजा, मंग सही," असं सांगून जमना कामावर परतली. दुपारी अहवाल निर्णयासाठी पालघरच्या कार्यालयात गेला. जमनाच्या सहीची जागा रिकामी आहे. मी निमेश यांच्या खणात आहे. खणाला कुलूप आहे.