मक्याचं पीठ आणि वाळूचा रंग

मिस अल्बिनाचा गुडघा तुम्ही मोडलात. रंगाचा रोलर माझ्या हातात होता, ते मी लपवत नाही. पण हुकूम तुमच्या तपासणी खात्याचा, शिक्का कौंटी सरकारचा.

मी डॉयल. गुरांच्या खाद्याच्या गिरणीत पोती भरतो. वयाच्या एकावन्नाव्या वर्षी मी आमच्या गावच्या हॉलमध्ये नाच शिकायला गेलो. तिथे दर रविवारी दुपारी फिडल, स्टील गिटार आणि खर्जात घुमणारा, माणसाएवढ्या व्हायोलिनसारखा उभा बास वाजतो, आणि सगळा गाव जोडीनं फिरतो. शिकवायला मिस अल्बिना कुबाला. वय चौऱ्याहत्तर, चामडी तळाचे लाल बूट.

पहिल्या दिवशी मी कामावरचे रबरी तळाचे बूट घालून गेलो. तिनं खाली बघितलं.

"डॉयल, नाचायला आलायस की ट्रॅक्टर ढकलायला?"

"चुकलं, मॅम."

"काढ ते. आज मोज्यांवर नाच."

फिडलवाला वेल्डन माइकवरूनच ओरडला, "मोजे धुतलेत ना रे?"

सगळा हॉल हसला. मीही.

नाच सुरू व्हायच्या आधी ती कॉफीच्या डब्यातून मक्याचं पीठ काढायची आणि कोंबड्यांना दाणे टाकावेत तसं लाकडी जमिनीवर फेकायची. पिठावर चामडं सरकतं. पाय सरकला की गिरकीत गुडघ्यावर ताण येत नाही. शंभर वर्षं आम्ही असंच नाचतोय.

"गाण्याकडे लक्ष देऊ नकोस," ती मला सांगायची. "गाणाऱ्याला त्याची बायको सोडून गेलीय, त्याला रडू दे. तू बास ऐक. तो चालतोय, त्याच्याबरोबर चाल. झट, झट, सावकाश, सावकाश. अरे, सावकाश म्हणजे झोपू नकोस!"

चार महिन्यांत मला दोन गिरक्या जमल्या.

मग तुमचा तपासनीस आला. मंगळवारी सकाळी, हॉल रिकामा असताना. त्यानं लिहून नेलं: जमिनीवर घसरडी भुकटी सांडलेली आढळली. आठवड्यानं पत्र आलं. पीठ बंद, वाळू मिसळलेला रंग लावा, नाहीतर हॉलला कुलूप. आमच्या हॉलच्या कमिटीचा अध्यक्ष लेओनार्ड म्हणाला, "शिकलेली माणसं आहेत, त्यांना कळत असेल." शुक्रवारी मी सबंध जमीन रंगवली. फुकट, आणि अभिमानानं.

रविवारी मिस अल्बिनानं बुटाचं टोक जमिनीवर घासलं.

"हा सँडपेपर कुणी अंथरला?"

"मी, मॅम. कौंटीचं पत्र होतं."

"बरं. मग पहिला नाच तुझ्याशीच. बघू तुझी कौंटी कशी नाचते."

वेल्डननं जलद चाल धरली. मी बास ऐकला, पावलं मोजली, हात वर केला आणि तिला फिरवलं. ती फिरली. तिचा बूट फिरला नाही. सुकी फांदी मोडावी तसा आवाज आला. वाजवणारे एकेक करून थांबले, बास सगळ्यात शेवटी.

ती खाली पडूनच म्हणाली, "गिरकी बरोबर होती, डॉयल."

ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाला, वसंतात नाचू शकेल, पण सरकत्या जमिनीवरच. या जमिनीवर पुन्हा पाय अडकला तर तो गुडघा तिसऱ्यांदा जोडता येणार नाही. पहिल्यांदा ती घोड्यावरून पडली तेव्हा तो मोडला होता. दुसऱ्या गावचा हॉल तिला नको. हा तिच्या बापानं बांधलाय.

रंग घासून काढायचं मशीन माझ्या पिकअपमध्ये पडून आहे. पाच माणसं तयार आहेत. लेओनार्ड म्हणतो, तुमचा परवानगीचा कागद आल्याशिवाय हात लावायचा नाही. मी तीन पत्रं लिहिली. तुमचं एकच उत्तर आलं, विषय विचाराधीन आहे.

कसला विचार चाललाय? तुमच्यातला एक तरी माणूस संगीत चालू असताना त्या जमिनीवर उभा राहिलाय का? वसंताला सात आठवडे उरलेत. रंग काढू देणार की नाही? हो किंवा नाही, एवढंच लिहा, आणि खाली सही करा.