हाज्जा बहिजाची गुप्त किल्ली

यावर तुम्ही विश्वास ठेवणार नाही, आणि नका ठेवू. पण अलेक्झांड्रियात एकदा ईदच्या तोंडावर दात दुखणारी माणसं मिठाईच्या दुकानासमोर गाल धरून उभी होती. आणि त्याच इमारतीतल्या दातांच्या दवाखान्यात बायका कहकसाठी, म्हणजे ईदच्या तुपाळ बिस्किटांसाठी, रिकामे डबे वाजवत होत्या.

झुहदीला घाम फुटला. इमारतीच्या तळघरातला सर्व्हर त्याच्या ताब्यात. एकाच सर्व्हरमध्ये सगळ्या भाडेकरूंचे कप्पे आणि ज्याला त्याला अक्षरं-आकड्यांची गुप्त किल्ली. ती संगणकात भरली की आपलाच कप्पा उघडायचा. आता मिठाईवाल्या हाज्जा बहिजाच्या ऑर्डरी दातांच्या डॉक्टर नरमीनच्या कप्प्यात पडलेल्या, आणि नरमीनचे रोगी हाज्जाच्या. सांजेपर्यंत निस्तरलं नाही तर हाज्जाची वर्षाची कमाई समोरच्या हलवायाच्या घशात.

"हाज्जा, किल्ली कुणाला दिलीत?"

"नरमीनला. तिनं तिची मला दिली. दोन्ही भिंतीला चिकटवल्यात. जी आधी दिसेल ती भरतो आम्ही."

"अहो, गुप्त होती ना!"

"शेजारणीपासून किल्ली लपवू? माझ्या घराची तिच्याकडेच असते. आईनं काही वळण लावलं की नाही रे तुला?"

"आणि मी नको म्हटलं असतं तर," नरमीन म्हणाली, "हाज्जा जन्मात बोलली नसती माझ्याशी."

झुहदीनं कपाळाला हात लावला. दोघींना लपवालपवी शिकवणं म्हणजे समुद्राला पायऱ्या बांधणं. मग त्यानं जुन्या किल्ल्या सर्व्हरमधून रद्द केल्या, नव्या केल्या, आणि एकेकीच्या कानाशी लागला.

"जुन्या राहू द्या एकमेकींकडे, मायेखातर. ही मात्र दाखवायची नाही. धंद्याला दृष्ट लागते."

"या अल्ला!" म्हणत हाज्जानं किल्लीचा कागद ओढणीआड दडपला. दृष्टीपुढे शेजारधर्म गप्प.

पण मिसळलेल्या ऑर्डरी आणि रोगी निवडणार कोण? सर्व्हरनंच निवडले, वासावरून! तुपाच्या वासाचे इकडे, दातांच्या लवंगतेलाच्या वासाचे तिकडे. या कष्टानं तो असा तापला, की झुहदीनं त्याच्या पाठीवर कहकचे ट्रे मांडले आणि हाज्जाची सगळी ईद तिथंच भाजून निघाली, एकही न करपता...

"ओ आजोबा, थापा पुरे!" ऐकत बसलेला भट्टीवाल्याचा पोरगा मध्येच ओरडला. " ते सगळे ट्रे आमच्या भट्टीत भाजले, आणि अर्धे करपले होते!"