पिवळं झाकण

थोरली जाऊ वरच्या मजल्यावर गेली, तर खोलीतल्या दुसऱ्या पलंगावर कोणीतरी परकी बाई येणार, हे धाकटीला पक्कं ठाऊक होतं. परकी बाई घोरेल, खिडकी बंद ठेवायला लावेल, याची तिला भीती नव्हती. घोरायची तर थोरलीही, आणि खिडकीवरून दोघींचं रोज वाजायचं. भीती होती ती जेवणाची. लग्न होऊन आल्यापासून धाकटी कधी थोरलीच्या नजरेबाहेर जेवली नव्हती. दोघींचे नवरे, सख्खे भाऊ, मागेपुढे गेले. मग थोरलीच्या मुलानं दोघींना या वृद्धनिवासात आणलं, आणि सामानाबरोबर जुनी भांडणंही आली.

निवासाचे मजले दोन. खाली आपलं आपण करणारी माणसं, वर भरवावी लागणारी. वर गेलेलं माणूस परत खाली आल्याचं कोणाला आठवत नव्हतं. खालच्यांना वर भेटीला जाता येई, पण संध्याकाळी. जेवणाच्या वेळी मज्जाव होता, भरवताना गलका नको म्हणून.

वर कोण जाणार, हे बरंचसं ताटांवर ठरे. ज्यांचे गुडघे कुरकुरत त्यांची जेवणं खोलीत येत. ट्रॉलीवरच्या प्रत्येक ताटावर रंगीत झाकण असे. हिरवं साध्या जेवणाचं, निळं साखर बंद असलेल्यांचं, पिवळं मऊ आणि अळणी जेवणाचं. जेवणं उरकली की ट्रॉलीवाली बाई फिरून येई आणि एकेक झाकण उचलून बघे. संपलं, अर्धं, की तसंच? ते आहारतज्ज्ञ मॅडमच्या कानावर जाई. 'तसंच' वाढत गेलं की आधी मॅडम येत, मग डॉक्टर, आणि मग वरचा पलंग.

थोरलीचं झाकण पिवळं होतं, धाकटीचं निळं.

थोरली ताट सारू लागली तेव्हा धाकटीला नवल वाटलं नाही. साऱ्या घराचं स्वयंपाकघर मुठीत ठेवलेली बाई ती. अळणी बटाट्याकडे तिनं असं पाहिलं, जसं न सांगता दारात येऊन उभ्या राहिलेल्या माणसाकडे बघावं.

"हे कोणी शिजवलंय? पाण्यानं?"

"जाऊबाई, दोन घास तरी खा."

"तू खा. तुला काय, दगड वाढला तरी तू पचवशील."

"तुमच्या हातचं खाऊन पचवायची सवय झालीय."

थोरलीच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू येऊन गेलं, पण चमचा तिनं उचलला नाही. तेवढ्यात खोलीबाहेरच्या बोळात ट्रॉलीची चाकं करकरली. आधी दोनदा ताट 'तसंच' गेलं होतं. धाकटीनं मागचापुढचा विचार केला नाही. पिवळ्या झाकणाखालचा बटाटा, गाजर, वाटीतलं गोड कस्टर्ड, सगळं तिनं भराभर तोंडात कोंबलं. ट्रॉलीवालीनं झाकण उचललं तेव्हा शेवटचा घास गालातच होता.

"अगंबाई! आज चाटूनपुसून! शाब्बास थोरल्या आजी!"

थोरली खिडकीकडे बघत राहिली. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

त्यानंतर तो शिरस्ताच पडला. धाकटीच्या हिशेबी हा मिठावरचा रुसवा होता. जुन्या घरीही थोरली रागावली की दोन वेळा उपाशी राही, कोणी मिनतवारी केली की जास्तच ताठे, आणि सोडून दिलं की आपली आपण येऊन पाटीतली भाकरी मोडून घेई. म्हणून धाकटीनं मिनतवारी केली नाही. थोरली दूध घेई, पातळ सूप घोटघोट घेई, आणि मग एका बाजूचा गाल आत ओढून गप्प बसे. तो आत ओढलेला गाल धाकटीच्या चांगल्या ओळखीचा होता. निदान तिला तसं वाटलं.

दर आठवड्याला मॅडम बसायचा काटा घेऊन येत. वय थोडं, बोलणं मऊ आणि काम चोख. खुर्चीसारख्या काट्यावर त्या एकेकीला बसवत.

"थोरल्या आजी, वजन पुन्हा उतरलंय. आणि ताट तर रोज रिकामं येतंय." त्या धाकटीकडे वळल्या. "तुमचं वाढलंय आजी. साखरही वाढलीय. काही चोरून खाता का?"

"चोरून खाण्यासारखं इथे ठेवलंय काय तुम्ही?" धाकटी म्हणाली.

मॅडम हसल्या, पण धाकटीचा भात निम्मा झाला आणि थोरलीच्या वाटीत साय घातली जाऊ लागली. ती सायही धाकटीच्याच पोटात गेली. समोरच्या खोलीतले निवृत्त पोस्टमास्तर दार उघडं टाकून दिवसभर बोळावर नजर ठेवत. त्यांनी एकदा धाकटीला गाठलं.

"एक बाई सगळं खाते आणि वाळते. दुसरी निम्मं खाते आणि फुगते. माझ्या खात्यात याला म्हणायचे, टपालाची अदलाबदल झालीय."

"तुम्ही तुमची पाकिटं सांभाळा."

"मी कशाला बोलू? पण पत्ता चुकला की पत्र ज्याचं त्याला कधीच मिळत नाही, एवढं मला माहीत आहे."

धाकटी चार दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

थोरलीच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या तेव्हा मात्र धाकटीनं मिनतवारी सुरू केली. भरवायला बसली. थोरलीनं तोंड फिरवलं. "तू खा गं, टाकू नकोस," एवढंच ती म्हणे, आणि हे म्हणताना तिचा आवाज पूर्वीसारखा करडा नसे. त्यामुळे धाकटी जास्तच घाबरली.

मग एका सकाळी मॅडमबरोबर डॉक्टर आले. खाल्लेलं अंगी लागत नाही, म्हणजे आत काहीतरी बिघडलंय. मोठ्या रुग्णालयात न्यावं लागेल, भूल देऊन घशातून नळी घालून बघावं लागेल. या वयात भूल म्हणजे थोडी जोखीम असतेच, पण इलाज नाही. थोरलीनं मान हलवली, जणू दुसऱ्याच कोणाबद्दल बोलणं चाललं होतं. तिनं धाकटीकडे एकदा बघितलं. गप्प बस, असं ते बघणं होतं. आयुष्यभर धाकटी त्या नजरेला वचकून राहिली होती.

"नळी नका घालू," धाकटी म्हणाली. "ताटं मी संपवलीत."

मॅडम तिच्याकडे वळल्या.

"कुठली ताटं, आजी?"

"हिची. रोजची. दोन्ही वेळची. तुम्ही हिला वर न्याल म्हणून."

डॉक्टरांनी कपाळ चोळलं. मॅडम थोरलीच्या पलंगावर टेकल्या, तिचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "आजी, तोंड उघडा बघू." थोरलीनं दात आवळले. मॅडमनी हात सोडला नाही. शेवटी थोरलीनंच कवळी काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. खालच्या हिरडीवर एका बाजूला मोठी जखम होती, कडा पांढऱ्या, मधे लालभडक. जबडा आक्रसला होता, कवळी सैल पडली होती, आणि प्रत्येक घासाला ती तिथेच घासत होती.

"बोलल्या का नाहीत?"

"बोलले असते तर तुम्ही सगळं वाटून पातळ दिलं असतं." कवळीवाचून थोरलीचे शब्द फुसफुसत होते. "पातळ जेवणारे कुठे जातात, दिसत नाही का मला?"

"अहो, मला तरी सांगायचं!" धाकटी ओरडली.

"तुला? तुझ्या पोटात काही राहतं का?"

"तुमची दोन वेळची ताटं राहिली की माझ्या पोटात!"

थोरली हसली. बिनदातांचं ते हसू धाकटीनं कधी पाहिलं नव्हतं. मग तिच्या लक्षात आलं की आपण दोघी एकाच गोष्टीला घाबरत होतो, आणि एकाच खोलीत बसून ती एकमेकींपासून लपवत होतो.

मॅडम रागावल्या नाहीत. बाहेर बोळात त्या एवढंच म्हणाल्या, "ताट आठवडाभर भरलेलं आलं असतं, तर मी आधी तोंडच बघितलं असतं." त्या साध्या बोलल्या, पण धाकटी लगेच खोलीत परत गेली नाही.

जखम भरली. नवी कवळी आली, बसलीही नीट. पण तोवर थोरलीचे पाय लटपटू लागले होते, न्हाणीघरात ती एकदा पडली, आणि मुख्य म्हणजे भूक मेली होती. रुसव्यानं गेलेली भूक रुसवा सरला की परत येते. ही आली नाही.

वर नेताना चाकांच्या खुर्चीतून तिनं मागे वळून पाहिलं.

"खिडकी उघड आता. तुला हवी तेवढी."

धाकटीनं खिडकी बंदच ठेवली. दुसऱ्या पलंगावर अजून कोणी आलं नव्हतं. संध्याकाळी ती वर जाई, थोरलीचे पाय चेपी, खालच्या बातम्या सांगे. थोरली बहुतेक वेळ डोळे मिटून असे. "जेवलीस?" एवढं मात्र न चुकता विचारी.

दुपारची गोष्ट वेगळी. वरची ताटं लिफ्टनं खाली येत आणि लिफ्ट धाकटीच्या बोळातच उघडे. जेवणं उरकायच्या सुमारास ती काठी टेकत तिथे जाऊन उभी राही. ट्रॉलीवालीला हे ठाऊक होतं. ती काही म्हणत नसे. थोरलीचं पिवळं झाकण ती मुद्दाम वरच्या फळीवर ठेवी. धाकटी झाकण उचले. एखाद्या दिवशी कस्टर्डवर चमच्याचा खळगा दिसे. त्या दिवशी तिला स्वतःचा निम्मा भात जाई.

त्या दुपारी ट्रॉलीवाली लिफ्टमधून उतरली आणि ट्रॉलीवर सांडलेलं पुसायला फडकं आणायला गेली. बोळ रिकामा होता. धाकटीनं झाकण उचललं. बटाट्याचा गोळा मुदीसारखा अखंड, गाजरावर वाफेचं पाणी, कस्टर्डवर साय धरलेली. चमच्याला काही लागलेलं नव्हतं.

धाकटीचा हात आपोआप चमच्याकडे गेला. चमचा बोटांत आलासुद्धा. चार घासांचं काम. मग ट्रॉलीवाली म्हणेल, अगंबाई, शाब्बास. मॅडमना वाटेल, आज खाल्लं बरं का.

तिनं चमचा होता तसा ठेवला, झाकण लावलं आणि ट्रॉली स्वयंपाकघराच्या दिशेनं जराशी ढकलून दिली. चाकं करकरली.

समोरच्या दारातून पोस्टमास्तरांनी हळूच विचारलं, "काय म्हणतेय थोरली?"

"जेवली नाही," धाकटी म्हणाली.