मागच्या बाकापर्यंत

मित्रांनो, मी एक जुना स्पीकर आहे. खाली चाकं, वर ओढायची दांडी, पोटात बॅटरी. न्याल तिथे येतो. कारखान्यातून निघालो तेव्हा मला वाटायचं, ओरडणं हेच आपलं काम. दुकानांच्या दारात, मैदानांवर मी कानठळ्या बसवल्या आणि शाबासकीही मिळवली. लोक कानांवर हात का ठेवतात, हे कोडं मात्र सुटेना.

मग मला एका शाळेतल्या बाईंनी विकत घेतलं. घशाच्या ऑपरेशननंतर त्यांचा आवाज कुजबुजीएवढाच उरला होता. मोठ्या बाईंनी सांगितलं होतं, एक तास घेऊन दाखवा. मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं तर वर्ग तुमचा, नाहीतर ऑफिसातलं काम. बाईंना तर शिकवण्याशिवाय करमायचंच नाही.

आदल्या दिवशी त्यांच्या भाचीने मला रिकाम्या वर्गात फळ्यापाशी जमिनीवर ठेवलं. आवाज कसा खणखणीत घुमला! मी फुगून बसलो.

दुसऱ्या दिवशी वर्ग भरला आणि माझी फजिती झाली. पुढच्या बाकांनी माझा आवाज गिळूनच टाकला. भाचीने आवाज वाढवायला बटण पिळलं. तेवढ्यात बाई माईक घेऊन माझ्यासमोर आल्या आणि मी अशी शिट्टी फोडली की अख्ख्या वर्गाने कान झाकले. दारात मोठ्या बाई उभ्या होत्या. बाईंच्या तोंडचं पाणी पळालं.

"मावशी, तू बोलत राहा," म्हणत भाची थेट शेवटच्या बाकावर जाऊन बसली. शेजारच्या मुलीला तिने विचारलं, ऐकू येतंय का?

"आवाज येतोय. शब्द येत नाहीत."

मित्रांनो, इतक्या वर्षांत हे मला कुणी सांगितलंच नव्हतं! भाचीने मला टेबलावर चढवलं, बाईंना माझ्या मागे उभं केलं, माईक ओठांजवळ धरायला लावला. शब्द झाकणारी माझी जाड घरघर कमी केली, आणि वर आवाजही उतरवला. मला रागच आला. एवढ्याशा आवाजात काय होणार, कपाळ?

बाईंनी हळूच विचारलं, "चंद्र दिवसा दिसतो का रे?"

सगळे म्हणाले, नाही. शेवटच्या बाकावरची ती मुलगी उठली.

"दिसतो, बाई. मला आत्ता खिडकीतून दिसतोय."

सगळा वर्ग खिडकीकडे धावला. मोठ्या बाईसुद्धा चपला वाजवत आत आल्या आणि मुलांच्या डोक्यांवरून वाकून चंद्र शोधू लागल्या.

बाईंच्या वर्गात वर्षं काढून आता माझी जाळी फाटली आहे, एक चाक कुरकुरतं. जाळीवरची धूळ तेवढी झटकत जा. आणि माझं बटण पिळण्याआधी एकदा मागे जाऊन बसा; तिथे कुणीतरी केव्हाचं शब्दांची वाट बघत असतं.