माणूस सगळ्यात शेवटी

माझा भाऊ सूरज हुशार आहे, हे मी कुणाच्याही आधी मान्य करते. पुण्याच्या कंपनीत तो नेमकं काय करतो ते मात्र मला बरीच वर्षं कळलं नव्हतं. मी घोडेगावला पंचायत समितीत फायली या टेबलावरून त्या टेबलावर सरकवते. तो म्हणायचा, "ताई, माझंही तेच आहे. फक्त फाईल कुणी सरकवायची, कधी सरकवायची, अडली तर कुणाला उठवायचं, हे ठरवणारा साहेब मी सॉफ्टवेअरमध्ये बनवतो." या साहेबाला ते लोक कंट्रोलर म्हणतात. तो स्वतः काडीचं काम करत नाही, दुसऱ्यांकडून करवून घेतो. मी म्हटलं, आमच्या ऑफिसात असले पैशाला पासरी आहेत, ते कुणाला बनवावे लागत नाहीत.

दादा, म्हणजे आमचे वडील, गेल्यावर आई गावी खोडदला एकटीच राहिली. शेत शेजारच्या चांगदेवकाकांना वाट्याने दिलं. पुण्याला सूरजकडे तिचा जीव रमेना, आणि माझ्याकडे ती पाहुणी म्हणूनच यायची. लेकीच्या दारात कायमचं राहायचं म्हणजे तिला कमीपणाचं वाटे. सत्तरी ओलांडलेली बाई, सकाळ-संध्याकाळ बीपीची गोळी. सूरज एक दिवसाआड फोन करून विचारायचा, गोळी घेतली का. एकदोनदा ती विसरली तेव्हा तो घाबरला. खरंच घाबरला. आणि घाबरलेला माणूस आपल्याला जे येतं तेच करायला धावतो.

दिवाळीत तो एक डबी घेऊन आला. गोळीसाठी झाकण उघडलं की डबी लगेच त्याच्या कंट्रोलरला कळवायची. ओट्यावर बसून त्याने खडूने चौकटी आणि बाण काढले आणि मला शिकवायला लागला.

"हे एक काम. झालं की खूण येते. खूण नाही आली तर थोडं थांबायचं आणि आईच्या फोनवर परत सांगायचं. तरीही नाही आली तर शेजारच्या सोनीकाकूंना मेसेज. त्यांनी जाऊन बघायचं आणि 'झालं' दाबायचं. यातलं काहीच चाललं नाही तर मग माणूस."

"माणूस म्हणजे कोण?"

"मी. माणूस सगळ्यात शेवटी. त्याचा वेळ महाग असतो ताई, तो उगाच खर्च करायचा नसतो. चांगल्या डिझाइनची हीच ओळख."

"मग सोनीकाकू काय बैल आहे?" मी विचारलं.

तो हसला. आईही पदर तोंडाला लावून हसली. ती त्या चौकटींकडे अशी कौतुकाने बघत होती, जणू लेकानं दारात रांगोळी घातली आहे. "मला मेलीला काय कळतंय त्यातलं," ती म्हणाली. "पन सूरजनं केलंय म्हंजी बरंच आसंल."

फोनवर सांगणारा आवाज त्याने स्वतःचाच भरला होता. 'आई, गोळीची वेळ झाली. घे बरं.' तो पहिल्यांदा वाजला तेव्हा मी तिथेच होते. आईने फोन कानाला लावला आणि म्हणाली, "घेते रे. थंडी लई हाय का तिकडं?" पलीकडून काही आलं नाही. तिने फोन डोळ्यांसमोर धरला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "ठिवला वाटतं." मी तिला ते कसं असतं ते समजावलं. तिने ऐकून घेतलं, पण त्या आवाजाला उत्तर द्यायची सवय काही तिने सोडली नाही.

कंट्रोलर मात्र झकास चालला. आईने गोळी घेतली की तिकडे सूरजच्या मोबाइलवर दिसायचं. त्यामुळे त्याला विचारायची गरज उरली नाही, आणि विचारायची गरज नाही म्हटल्यावर त्याचे फोनही बंद झाले. यात त्याचा दुष्टपणा कसला? सगळं ठीक आहे हे त्याला दिसत होतं, आणि त्याच्या मानेवर कामाचं जू होतंच.

मग जानेवारीत एक दिवस सोनीकाकू लग्नाला मंचरला गेल्या आणि आई कांदालागणीच्या बायकांत बोलत बसली ती गोळी विसरली. कुणाकडूनच खूण गेली नाही. तेव्हा सूरजचा फोन आला. "आई! बरी आहेस ना तू? बोलत का नाहीस?" तो इतका घाबरला होता की नंतर कितीतरी वेळ बोलत राहिला. मुलाच्या, शौर्यच्या, शाळेचं सांगितलं, कंपनीतल्या भांडणाचं सांगितलं. इकडे चुलीवरचं दूध उतू गेलं. रविवारी मी गेले तेव्हा आईने मला हे तीनदा सांगितलं, उतू गेलेल्या दुधासकट.

त्यानंतर तिचं चुकणं वाढलं. सूरज मला म्हणाला, "ताई, आईला विसरायला होतंय. मेंदूच्या डॉक्टरला दाखवू या का?" मलाही तेच वाटलं. वर सोनीकाकूंचा फोन बिघडला म्हणे, त्यांना मेसेज दिसतच नाहीत. आमच्याकडे फोन बिघडायला काय लागतं, म्हणून मी त्याचाही विचार केला नाही.

मग तो दिवस आला. सूरजला त्याचा कंट्रोलर परदेशी पाहुण्यांना दाखवायचा होता आणि त्याने आदल्या दिवसापासूनच स्वतःचा फोन बंद ठेवला होता. इकडे आई दुपारी अंगणात चक्कर येऊन पडली. चांगदेवकाकांनी तिला पिकअपमध्ये घालून मंचरला नेलं. मी घोडेगावहून मिळेल त्या गाडीने पोचले. डॉक्टर म्हणाले, प्रेशर फार चढलं होतं, थोडक्यात निभावलं.

ती शुद्धीवर होती. मी काळजीने आणि रागाने तिच्यावर तुटून पडले. "एक गोळी लक्षात राहत नाही तुझ्या?"

"इसरत न्हाई गं मी," आई म्हणाली.

"मग?"

ती छताकडे बघत म्हणाली, "गोळी घेतली की त्यो फोन करत न्हाई. न्हाई घेतली की करतो. फोन झाला की मी लगीच घ्यायची. काल सांजच्याला न्हाई आला, आज सकाळीबी न्हाई आला. मी आपली वाट बघत बसले."

"आणि सोनीकाकू?"

"तिला काय बोलू नगं. मीच म्हनले व्हते, फोनला हात लावू नगं म्हनून."

मी जिन्यात गेले आणि सूरजला फोन लावला. त्याचा फोन तेव्हा सुरू झाला होता. जे ऐकलं ते सगळं मी त्याला सांगितलं, आईच्याच शब्दांत सांगितलं. त्याला चांगलं झोंबावं, हीच माझी इच्छा होती. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "येतो मी," तो म्हणाला. मला वाटलं, चला, एकदाचं डोक्यात शिरलं.

आई घरी आल्यावर तो आला. तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडून राहिला, ती त्याच्या विरळ होत चाललेल्या केसांतून बोटं फिरवत होती. खोटं कशाला बोलू, मलाही भरून आलं. मग ती चहा टाकायला आत गेली आणि त्याने लॅपटॉप उघडला.

"चूक माझीच होती ताई," तो म्हणाला. "सगळी साखळी मी एका माणसावर आणून अडकवली होती. तो नसला की सगळं ठप्प. डिझाइनमध्ये हे कधीच करायचं नसतं. आता शेवटी मी नाही. नारायणगावची एक नर्स ठरवलीय, शीला म्हणून. स्कूटरवर येईल. मी असलो काय, नसलो काय, आईला धोका नाही."

"अरे, ती गोळीसाठी नव्हती रे करत," मी म्हणाले.

"कळतं मला. त्याचंही केलंय." त्याने पडदा माझ्याकडे वळवला. नवी चौकट होती. 'आईशी बोलणे. दर रविवारी सकाळी.' खाली 'झालं'चं बटण. "मी विसरू नये म्हणून. मला स्वतःवर भरवसा नाही ताई. यावर आहे."

त्याच्या मुस्काटात द्यावी की त्याला जवळ घ्यावं, मला कळेना. रागवायचं तरी कुठल्या वाक्यावर? एकही वाक्य चुकीचं नव्हतं.

आई चहा घेऊन बाहेर आली. तिने सगळं ऐकलं असावं. "म्हंजी आता गोळी चुकली तर कोन येनार?" तिने विचारलं.

"शीला सिस्टर येतील आई. लगेच येतील."

"बरं," आई म्हणाली आणि कपबशी त्याच्यापुढे सरकवली.

तेव्हापासून तिची एकही गोळी चुकली नाही. शीलाला यावंच लागलं नाही. सूरजने मला आनंदाने कळवलं की बघ, विसरणं वगैरे काही नव्हतं, डिझाइनच कच्चं होतं.

पहिल्या रविवारी त्याचा फोन आला. दुसऱ्या रविवारीही आला, थोडा घाईत. पुढच्या एका रविवारी मी खोडदला होते. आई ओट्यावर सूप घेऊन मटकी निवडत होती आणि मी तिच्या डोक्याला तेल लावत होते. माझा फोन वाजला. कंट्रोलरचा मेसेज होता. 'काम: आईशी बोलणे. पहिली व्यक्ती उपलब्ध नाही. तुम्ही कराल का?' खाली दोन बटणं होती, हो आणि नाही.

"त्याचा हाय का?" आईने मान न वळवता विचारलं.

"हो," मी म्हणाले. "त्याचाच आहे. जेवलीस का विचारतोय."

"मग दी की हिकडं." तिने सूप खाली ठेवलं, हात पदराला पुसले आणि पुढे केला.

"मेसेज आहे आई. फोन नाही."

तिचा हात तसाच राहिला थोडा वेळ. मग तिने सूप परत मांडीवर घेतलं. "लिव्ह मग," ती म्हणाली. "जेवले म्हनावं."

तिथे लिहायला जागाच नव्हती. मी 'हो' दाबलं आणि तेलाचे हात घेऊन तिच्यासमोर येऊन बसले. आईशी बोलायचं होतं, आणि मला एक शब्द सुचत नव्हता.